बडेबाबू आणि सुपर सुखोई

मोहाडीच्या बस स्टँडसमोर तर्री-पोह्याचं पातेलं उतरलं की बडेबाबू हजर. तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण गाव अजून बडेबाबूच म्हणतं. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेनाचं आता काही काम उरलेलं नाही, पण असावं. पेपर उघडला की आधी धानाच्या बोनसची बातमी, मग निधनवार्ता, मग वायुसेना. वायुसेनेपाशी ते थांबतात, आणि मग सगळी टपरी थांबते.

लढाऊ विमानांचे जाणकार आता गावोगाव आहेत. ऑपरेशन सिंदूरनंतर तर गल्लोगल्ली झाले. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचे, वेग आणि पल्ला पाठ करायचा आणि 'राफेल भारी की सुखोई' यावर चहा निववायचा, हा त्यांचा रोजचा उद्योग. बडेबाबूंना विमानाच्या वेगात काडीचा रस नाही. ते फाइलचा वेग विचारतात.

"बडेबाबू, सुपर सुखोई येऊन रायलं जी!" परवा एक पोरगं धापा टाकत आलं. "पहिल्या झटक्यात चौऱ्याऐंशी विमानं! नवं रडार, नवा कॉकपिट. चीनचं काई खरं नाही आता."

"गरज कधी मान्य झाली?"

"म्हंजे?"

"नोव्हेंबर २०२३. संरक्षण खरेदी परिषदेनं गरज मान्य केली. गरज, बाबू. विमान नाही."

मग पोह्याच्या कागदाची कोरी बाजू वर करून बडेबाबूंनी निळ्या पेनाने रकाने पाडले. गरज मान्य. मग प्रस्ताव मागवणे. मग एचएएलचा दर. मग दरावर वाटाघाट. मग वित्त विभागाचे आक्षेप, आणि त्या आक्षेपांची पूर्तता. शेवटी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती. "समितीनं हो म्हटलं का करार. करार झाला का मंग विमानाले पाना लागते. तू आताच चीनले भेव दाखवून रायला!"

कागदावर तर्रीचा डाग होता. तो नेमका वित्ताच्या रकान्यात आला. बडेबाबू म्हणाले, तिथं डाग येतोच.

माणूस हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे कबूल केलं पाहिजे. सुखोई-३० एमकेआयचा रशियाशी करार १९९६चा. २००२ साली ही विमानं पुण्याच्या लोहगावात वायुसेनेत दाखल झाली, पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधली जाऊ लागली. २०१७ मध्ये अडीच टनांचं ब्रह्मोस त्याच विमानाच्या पोटाखालून सुटलं. ताकद आहे, पण आतली विद्या जुनी होत चालली. म्हणून रशियन रडार काढून डीआरडीओचं 'विरूपाक्ष' बसवायचं, वैमानिकापुढे मोठे पडदे लावायचे, इलेक्ट्रॉनिक युद्धाची सामग्री आपली घालायची, असा बेत आहे. इंजिन तूर्त तेच.

"रडारचं नाव बराबर ठेवलं," बडेबाबू म्हणतात. "देवाच्या नावाची फाइल कोनी अडवत नाही. नवरात्रात चौंडेश्वरीच्या बंदोबस्ताची फाइल आमच्याकडून एका दिवसात निघे."

त्यांच्या मनात विमानांची वर्गवारी वेगळीच. मिराज-२००० हे सर्वांत आवडतं. त्याच्या आधुनिकीकरणाचा करार २०११ साली झाला, काम सुरू झालं. "प्रकरण नस्तीबद्ध," म्हणताना त्यांचा चेहरा फुलतो. जग्वारचं नाव काढलं की मात्र ते चहा खाली ठेवतात. त्याला हनीवेल कंपनीचं नवं, जास्त जोराचं इंजिन बसवायचं होतं. वर्षानुवर्षं चर्चा झाली आणि २०१९ मध्ये खर्च पाहून बेत सोडून दिला. "एवढ्या टिपण्या लिहिल्या असतीन कोनीतरी," ते हळहळतात. त्यांचा जीव जग्वारसाठी तुटत नाही, त्या टिपण्या लिहिणाऱ्यासाठी तुटतो.

आणि मिग-२१! गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या २६ सप्टेंबरला, चंदीगडमध्ये त्याला निरोप दिला गेला, तेव्हा बडेबाबू दिवसभर फुरंगटून बसले होते. १९६३ साली आलेलं विमान. मध्ये त्यातल्या काहींना नवं रडार, नवी शस्त्रं देऊन 'बायसन' केलं आणि पुन्हा कामाला जुंपलं. "बासष्ट वर्सं सेवा! मले अठ्ठावन्नाले घरी बसवलं. कोनी इचारलं का, बडेबाबूचं बायसन करता येते का म्हून?"

घरचा कारभारही याच रीतीचा. माजघरावर अजून कवेलू आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्याखाली तीन गंजं मांडावी लागतात. स्लॅबची फाइल तयार आहे, टप्पा एक, टप्पा दोन, अंदाजपत्रकासह. गेल्या मे महिन्यात सिमेंटचा दर वाढला म्हणून प्रस्ताव फेरविचारार्थ परत गेला. कुणाकडून कुणाकडे गेला, हे विचारू नये.

"गरज तं मी लग्नाच्याच साली मान्य केली होती," काकू पाणी उपसताना म्हणतात. "तुमची समिती कधी बसते?"

बडेबाबू एवढंच म्हणतात, की तांत्रिक बाबी तपासणं चालू आहे.

दिवाळीत शेजारच्या आळीतला पोरगा सुट्टीवर आला. वायुसेनेत आहे, विमानाच्या देखभालीत. टपरीवर त्याच्याभोवती ही गर्दी. पोरांनी वेग विचारला, ब्रह्मोस विचारलं, पाकिस्तान विचारलं. तो नुसता हसला. म्हणाला, ते सांगता येत नाही. पोरं हिरमुसली आणि पांगली. बडेबाबू तेवढे खुर्ची ओढून जवळ सरकले.

"तुह्याकडं काम काय असते, बेटा?"

"काम करतो अन् केलेलं लिहितो जी. विमान उडायच्या आधी सगळं फॉर्म सातशेत भरा लागते. पायलट तो वाचते, सही करते, मंगच विमानात चढते."

"सही केल्याबिगर उडतच नाही?"

"नाही जी."

"एवढं अडतीस टनाचं धूड? पायलट किती का मोठा असेना?"

"कोनीबी असो."

बडेबाबूंनी टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली, दोन चहा, स्वतःच्या पैशाने. टपरीवाल्याने खात्री करून घेण्यासाठी दोनदा विचारलं. मग त्यांनी चष्मा पुसला, खिशातलं लाल पेन काढलं आणि आवाज उतरवून विचारलं,

"अन् जुना फॉर्म भरला का थो कोनाच्या ताब्यात रायते?"