री दीर्घ

रोजनिशी लिहिणाऱ्याला एकच धास्ती असते, ती कोणी वाचेल याची. कॉलेजात असताना मी माझ्या वहीवर 'रसायनशास्त्र : प्रयोग' असं लिहून ठेवत असे. घरात त्या विषयाला कोणी हात लावणार नाही याची मला खात्री होती, कारण मीही लावत नसे. २००६ साली तीच रोजनिशी मी जगाच्या चव्हाट्यावर मांडली आणि धास्ती उलटी झाली. कोणी वाचत का नाही?

हे खूळ काही माझं नव्हे. अमेरिकेत जस्टिन हॉल नावाचा कॉलेजातला मुलगा १९९४ पासूनच आपलं खासगी आयुष्य संकेतस्थळावर मांडत होता. १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी 'वेबलॉग' हा शब्द काढला. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी गमतीनं त्याची फोड 'वी ब्लॉग' अशी केली आणि पुढचा 'ब्लॉग' तेवढा उरला. त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही सेवा निघाली आणि संगणकातलं ओ की ठो कळत नसलेल्यांची सोय झाली. म्हणजे माझी. मराठीत कोणी त्याला 'अनुदिनी' असं सात्त्विक नाव दिलं. माझी अनुदिनी मात्र गणपती, दिवाळी आणि शिमगा एवढे तीनच दिवस पाळायची.

लिहायचं सायबर कॅफेत, घड्याळाकडे बघत. रोमन अक्षरं बडवली की पडद्यावर देवनागरी उमटे. 'ण' आणि 'ळ' यांच्यासाठी शिफ्ट दाबावं लागे. ते विसरलं, की सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाच्या लेखातही 'पानी' वाहू लागे. 'ॲ'ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर 'ॲसिडिटी' लिहायला जावं, तर 'अ'शेजारी ठिपक्यांचं एक वर्तुळ येऊन बसे. ते बघूनच ती होई.

टोपणनाव घेतलं होतं 'एकाकी चातक'. पानाच्या तळाशी भेटी मोजणारा आकडा लावला होता. पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस भेटी! मी हरखलो. मग हिशेब केला. रोज सहा वेळा मीच उघडून बघत होतो, म्हणजे बेचाळीस माझ्याच.

पण मग त्रेचाळिसावी कोणाची?

उत्तर लेखाखालीच होतं. नाव नाही, गाव नाही, नमस्कारही नाही. "'परीक्षा'तली री दीर्घ. बाकी ठीक."

आधी कान लाल झाले. मग लक्षात आलं, तो शब्द शेवटून दुसऱ्या ओळीत होता. म्हणजे जगात कोणीतरी तिथपर्यंत पोचलं होतं! पुढचा लेख मी शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिला, फक्त त्या एका माणसासाठी. तरी त्याला 'आशीर्वाद' सापडलाच. माझ्या लेखनाला मिळालेला पहिला आशीर्वाद तो, तोही दुरुस्त करून.

आता शिफ्टची कटकट नाही, आकडाही लावावा लागत नाही. मिसळीचा फोटो टाकला, तर तर्री निवायच्या आत शंभर अंगठे वर होतात.

गेल्या महिन्यात मी मोठ्या मजकुरात, शेवटून दुसऱ्या ओळीत, मुद्दाम 'परिक्षा' लिहून पाहिलं.

एकशे सत्तर जणांना आवडलं.