केरळ मालकांचे, गुजरात कामगारांचे?

केरळ मालकधार्जिणे आणि गुजरात कामगारधार्जिणे! कामगार चळवळ लांबून पाहिलेला माणूसही हे मान्य करणार नाही. पण २००४ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या मातब्बर नियतकालिकातल्या निबंधात राज्यांची वाटणी अशीच आहे.

लेखक टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १६ राज्यांनी केलेल्या दुरुस्त्यांना त्यांनी गुण दिले. कामगाराच्या बाजूची असेल तर अधिक एक, मालकाच्या बाजूची असेल तर उणे एक. १९५८ ते १९९२ ची आकडेवारी घेतली आणि निष्कर्ष काढला : कामगारांकडे झुकलेल्या राज्यांत नोंदणीकृत कारखान्यांतले उत्पादन, गुंतवणूक, रोजगार मागे पडले. कायदे सैल करा म्हणणाऱ्यांना आयताच पुरावा मिळाला.

गुजरातला अधिक एक कशाबद्दल? दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे आदित्य भट्टाचार्जी यांनी २००६ मध्ये ते उघड केले. संयुक्त व्यवस्थापन मंडळावर प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला ५० रुपये दंड, एवढी एकच दुरुस्ती. पन्नास रुपयांच्या दंडावरून अख्ख्या राज्याची कुंडली मांडली गेली.

महाराष्ट्रही कामगारधार्जिण्यांत बसवला आहे. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला बांधून ठेवणारा कायदा वेगळाच होता : १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्याने वाटाघाटीचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे ठेवला. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तरी कायद्याच्या लेखी बोलायचा अधिकार संघालाच. हा कायदा रद्द करा, ही त्या संपाची मागणीच होती. बेस्ली-बर्जेस यांच्या गुणांच्या बेरजेत हा कायदा नाही. अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा आपला १९७१ चा कायदाही नाही. कायदा कागदावर असताना कंत्राटदारामार्फत माणसे भरून तो कसा चुकवला जातो, हे तर अशा बेरजेत मावतच नाही.

आकडेमोडीला माझा विरोध नाही. कायदा न वाचता आणि गेटवर न विचारता केलेल्या आकडेमोडीला आहे, कारण तिची किंमत संशोधक मोजत नाही, कामगार मोजतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या १९४७ च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. यातून रोजगार वाढेल, असे सांगितले गेले. मग १०० ते ३०० कामगारांच्या कारखान्यांत जा. मस्टर तपासा. किती जण कायम झाले, किती कंत्राटावर गेले, किती घरी बसले, हे कामगारांना विचारून छापा. रोजगार वाढला असेल तर तसे लिहा. नसेल, तर ही मर्यादा पुन्हा १०० वर आणा.