उलाळ गाडी

आमच्या गावची विहीर चार हातांत संपायची. पाठीला भोपळा बांधून मुटका मारला, वर येऊन समोरच्या कपारीला हात लावला, की झालं पोहणं. एवढ्या भांडवलावर लग्नाआधी मी बायकोला ‘पट्टीचा पोहणारा’ असल्याचं सांगून ठेवलं होतं. त्यात जिल्हा कोल्हापूर, 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहलेल्या वीरधवल खाडेचा. शंका घ्यायची कुणाची टाप?

2024 साली इथे न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चच्या हॉर्नबीत, काइल पार्कात, ‘मातातिकी’ उघडलं. माओरीत याचा अर्थ पाण्याचा झरा. एकाच छपराखाली लायब्ररी आणि पोहण्याचा तलाव. तलाव 25 मीटरचा, म्हणजे मधे कपार नाही. पंधराव्या मीटरला मी लेनची दोरी मिठी मारून धरली. शेजारून सत्तरीची एक आजी संथपणे गेली, परत आली, पुन्हा गेली. मी पाणी बडवत होतो. ती नुसती सरकत होती.

“मान वर कशाला काढतोस?” तिनं विचारलं.

आता काय सांगणार? काठावर कोण कोण बघतंय हे बघायला! पण दुखणं तिथंच होतं. छातीत हवा भरलेली, म्हणून ती तरंगते, पाय जड. डोकं वर आलं की पाय खाली, गाडी उलाळ! हवेच्या आठशे पट दाट पाण्यातून मी स्वतःला उभ्या कपाटासारखा ढकलत होतो. शिवाय पाण्याखाली श्वास कोंडायचा आणि तोंड वर आल्यावर सोडणं-घेणं एकदमच उरकायचं. त्यात सोडणंही अर्धं, घेणंही अर्धं.

“तळाकडे बघ आणि फुंकत राहा, बाळा,” आजी म्हणाली. बाळ अठ्ठेचाळीस वर्षांचं. श्वास घेताना मान उचलायची नाही. झोपेत कूस बदलतो तसं खांद्यासकट वळायचं, एक कान पाण्यातच.

महिनाभर घरी बादलीत तोंड घालून बुडबुडे काढले. बायकोनं विचारलं, तेव्हा सायनसचा उपाय म्हणालो.

काल सलग आठ फेऱ्या झाल्या. दोनशे मीटर, म्हणजे आमच्या पंचवीस विहिरी. हा हिशेब मात्र बायकोपर्यंत अजून गेलेला नाही.