नव्वद टक्के भरीत

नानांना कुणी काम सांगितलं की ते आधी त्याचे तुकडे करतात. एकदा त्यांच्या घरी बसलो होतो, तर सहज म्हणालो, "नाना, चहा होऊ द्या." नानांनी कागद ओढला. "चहा हे एक काम नाही बरं का. पातेलं, पाणी, आलं, दूध. आणि दूध आलंय का हे आधी बघायला हवं, म्हणजे ते झाल्याशिवाय पुढचं अडतं." तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. कागदावर तोपर्यंत आल्यापर्यंतच मजल गेली होती.

नाना जळगावचे, मी धुळ्याचा. हिंजवडीच्या एका कंपनीत ते प्रोजेक्ट मॅनेजर आणि मी त्यांच्या हाताखाली कोड लिहिणारा. 2020 च्या टाळेबंदीत जो तो लॅपटॉप काखोटीला मारून गावी पळाला आणि आमची अर्धी टीम तिकडेच मुरली. नाना आता माडीवरच्या खोलीत बसतात. समोरच्या भिंतीवर आडव्या पट्ट्यांचा भलामोठा तक्ता. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनियरने शंभर वर्षांपूर्वी हे पट्ट्यांचं खूळ रूढ केलं. घरात नवीन माणूस आला की त्याला वाटतं, वहिनी विणकाम करतात.

रोज सकाळी दहाला मीटिंग.

"लॉगिनचं पान किती दिवसांत?"

आम्हा खानदेशी माणसांचा यावर पिढीजात अंदाज ठरलेला आहे: "व्हई जाई ना भो!" या चार शब्दांत आश्वासन आहे, धीर आहे, थोडा देवावर हवाला आहे, दिवस मात्र नाही. एक्सेलच्या रकान्यात ते बसत नाही. मग नाना माझ्या 'व्हई जाई'चे चौदा तुकडे करतात आणि प्रत्येकापुढे तास लिहायला लावतात. मी मनात धरलेले दोन दिवस बेरजेत नऊ होतात. त्यावर नाना वीस टक्के 'पावसापाण्याचे' धरतात. एक तुकडा आठ तासांपेक्षा लहान नको आणि ऐंशीपेक्षा मोठा नको, असा आमच्या धंद्यात जुना आडाखा आहे. नाना त्यातलं ऐंशीचं टोक काटेकोर पाळतात. आठचं टोक त्यांना अपमानास्पद वाटतं. त्यांच्या तक्त्यात 'बटणाचा रंग विचारणे' याला पंधरा मिनिटं आहेत आणि 'बटणाच्या रंगाचं उत्तर न आल्यास पुन्हा विचारणे' याला वेगळी ओळ.

धुळ्याबद्दल नानांना फार आदर. आम्हाला वाटतं शेवभाजीमुळे, पण कारण वेगळं निघालं. "तुमच्या गल्ल्यांना नंबर आहेत," ते भारावून म्हणाले. "गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. पाचातून बोळ फुटला की झाला 5.1. अख्खं शहर कुणीतरी नीट फोडून ठेवलंय!" त्या गल्ल्यांत पत्ता शोधताना आमचा कसा जीव जातो, हे मी सांगितलं नाही.

एकदा मात्र मी त्यांना आमच्या पांझरा नदीवरून गाठलं. 1884 मध्ये विश्वेश्वरय्या सरकारी नोकरीत नुकतेच लागले, तेव्हा धुळ्याजवळ दातर्तीला पांझरेच्या पात्रातून पाणी पलीकडे न्यायचा सायफन त्यांच्याकडे आला. पावसाळा तोंडावर. काम पावसानंतर करू म्हणाले, तर वरच्या साहेबाला ते रुचलं नाही. शेवटी पुराशी झुंजत त्यांनी ते पुरं केलं. "म्हणजे नाना," मी म्हणालो, "विश्वेश्वरय्यांच्याही तारखा साहेबच ठरवायचा." नाना क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "पण त्यांनी पावसाचा धोका लेखी नोंदवला होता ना? झालं तर मग!"

याच पांझरेच्या काठाने फड पद्धत चालत आली. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, शिवाराचे फड पाडलेले, एका फडात एका हंगामाला सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. कामाची इतकी नेटकी फोड मी कुठल्याही कंपनीत पाहिलेली नाही. पण पाटकऱ्याला कुणी 'पाणी किती टक्के दिलं' असं विचारल्याचं ऐकलं नाही. टोकाच्या वाफ्यात पाणी पोचलं की भरणं झालं, नाही पोचलं तर नाही झालं. नानांच्या तक्त्यात मात्र प्रत्येक ओळीपुढे 'किती टक्के' असा रकाना आहे, आणि तिथे काय लिहायचं हे आमची टीम अनुभवाने शिकली आहे. शंभर लिहिलं तर लगेच नवीन काम गळ्यात पडतं. पन्नास लिहिलं तर मीटिंग लागते. म्हणून सगळे नव्वद लिहितात. आमचं एक पान गेल्या पोळ्यापासून नव्वद टक्के झालेलं आहे.

हे असंच चाललं असतं, पण डिसेंबरात नानांनी टीमला भरीत पार्टीला बोलावलं.

पार्टी यावलकडच्या एका शेतात. बामणोदची वांगी, हिरवट पांढऱ्या रेघांची, हातभर नसली तरी वीतभर सहज. जळगावच्या या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे नानांनी आमंत्रणातच कळवलं होतं. सोबत 147 ओळींचा तक्ता. '1. वांगी. 1.1 निवड. 1.1.1 कीड बघणे.' माझ्याकडे 4.3, कांद्याची पात. पात निवडणे आणि चिरणे यांमध्ये 'मान्यता घेणे' अशी ओळ होती.

शेतावर एक आबा होते. पांढरी टोपी, कानात भिकबाळी नाही की हातात घड्याळ नाही. त्यांनी कपाशीच्या काट्यांचा ढीग रचला, वांगी मांडली, काडी लावली आणि बांधावर जाऊन बसले. नाना मोबाइलवर वेळ लावून धगीशेजारी उभे.

"किती झालं रे?" वीस मिनिटांनी नानांनी विचारलं.

"नव्वद टक्के," आमच्यातला एक सवयीने म्हणाला.

आणखी दहा मिनिटांनी नव्वद. पंधरानंतरही नव्वद. तक्त्याप्रमाणे एव्हाना वांगी बडजीत पडून ठेचून व्हायला हवी होती. मिरच्या, लसूण, शेंगदाणे रांगेत ताटकळत होते. नाना घाबरे झाले आणि त्यांनी दोन माणसं जाळावर वाढवली. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रूक्सने 1975 मध्ये लिहून ठेवलंय. नानांनी ते पुस्तक आम्हाला सक्तीने वाचायला लावलं होतं. त्या दोघांनी काट्या उसकून उसकून जाळ विझवला.

आबा उठले. काहीएक न बोलता जाळ पुन्हा धरवला. मग नानांकडे वळून म्हणाले, "टक्के काय मोजतो रे भाऊ? देठ ओढून पाय. सुटला त झालं, नाही सुटला त नाही."

नानांनी एक देठ ओढला. नाही सुटला. अर्ध्या तासाने ओढला, तो अलगद हातात आला. नाना त्या देठाकडे बराच वेळ बघत राहिले. न्यूटनने सफरचंदाकडे बघितलं असेल तसं म्हणणार होतो, पण वांग्याचा मान कशाला कमी करा. त्या दिवशी कळण्याच्या पुरीबरोबर भरीत इतकं खाल्लं गेलं की 112 ते 147 या ओळी कुणी उघडल्याच नाहीत.

सोमवारी दहाच्या मीटिंगला तक्ता आला तेव्हा 'किती टक्के' हा रकाना गायब. त्या जागी 'देठ'. लॉगिनच्या पानाचा देठ म्हणजे काय, हे नानांनी विचारलं. मी सांगितलं, ग्राहकाच्या माणसाने स्वतःच्या मोबाइलवरून आत शिरून दाखवायचं. नानांनी ते लिहून घेतलं. असं करता करता नव्वद टक्क्यांच्या अडतीस ओळी तपासल्या गेल्या. चार देठ सुटले.

एवढं मोठं अपयश लेखी हाती आलं, तरी मी नानांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी वहिनींना विचारलं म्हणे, "वरण-बट्टीचा देठ कोणता?" वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जेवून उठलात, की सुटला."

यंदाही डिसेंबरात पार्टी आहे. जळगावकडे येणार असाल तर जरूर या, भरीत पोटभर मिळेल. फक्त किती माणसं येणार ते आठ दिवस आधी कळवा, आणि "बघू, येऊ" असं कळवू नका. नानांकडे त्याला रकाना नाही.