मुंबई दाखवावी कशी

मुंबई पाहणे हे एकट्याने करायचे काम नाही. त्याला दोन माणसे लागतात. एक पाहुणा. तो सोलापूर, जळगाव किंवा सावंतवाडीहून रात्रीच्या गाडीने येतो. दुसरा यजमान. तो डोंबिवलीला किंवा बोरिवलीला राहतो, रोज फोर्टात नोकरीला जातो आणि त्याने मुंबई पाहिलेली नसते. वीस वर्षे चर्चगेटला उतरणारा माणूस राजाबाई टॉवरकडे बघतो तो किती वाजले एवढ्यासाठी, आणि तेही उशीर झाला असेल तरच. हा 280 फुटी मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून 1878 साली पुरा झाला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव आहे, हे यजमानाला कळते ते पाहुण्याच्या सातवीतल्या मुलाकडून. पाहुणे आले नसते तर निम्म्या मुंबईकरांनी मुंबई न पाहताच सेवानिवृत्ती घेतली असती.

प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत लोकल सहसा नसते. ती नुसते वाहन म्हणून धरली जाते, हा तिच्यावर अन्याय आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा 14 डब्यांत 400 माणसे होती. आज सकाळच्या वेळी तेवढी माणसे एक-दोन डब्यांत मावतात, आणि तरीही दारातून कोणीतरी ‘आत सरका, आत जागा आहे’ असे ओरडतच असतो. फास्ट आणि स्लो हा भेद पाहुण्याला आधी समजावून द्यावा लागतो. न दिल्यास चिंचपोकळीला उतरू पाहणारा पाहुणा फास्टमध्ये चढतो, चिंचपोकळीचा फलाट खिडकीतून जाताना बघतो आणि दादरला पोचतो.

लोकलमध्ये सर्वात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे चौथी सीट. बाक तिघांसाठी केलेला असतो. मुंबईत त्यावर चौघे बसतात. चौथ्याला मिळते ती एका मांडीपुरती जागा, बाकीचे शरीर त्याने वाटेत सांभाळायचे. पाहुणा संकोचाने उभाच राहतो. मग यजमान बाकाच्या कडेला उभा राहून हाताने किंचित सरकण्याची खूण करतो, आणि बसलेले तिघे मोबाइलवरून नजर न काढता चार-चार बोटे सरकतात. कोणी विनंती करत नाही, कोणी आभार मानत नाही. हा व्यवहार पाहिल्यावर पाहुण्याला जे नवल वाटते ते पुढे समुद्र पाहूनही वाटत नाही. उभ्या माणसाने ‘कुठे उतरणार?’ असे विचारले की मात्र गैरसमज होतो. विचारणाऱ्याला फक्त आपण कधी बसणार एवढेच जाणून घ्यायचे असते. पाहुणा ती आपुलकी समजतो आणि गाव, मुंबईला येण्याचे कारण, पुतणीचे जमत आलेले लग्न हे सगळे सांगून शेवटी ‘भायखळा’ म्हणतो. तोवर भायखळा आलेले असते.

स्थळांत पहिला मान गेटवे ऑफ इंडियाचा. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 1911 च्या डिसेंबरात मुंबईत उतरले त्याची ही आठवण. पाहुणे उतरले तेव्हा दगडी कमान नव्हती, पुठ्ठ्याचा देखावा होता. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे पक्के बांधकाम होऊन कमान खुली झाली ती 1924 साली, म्हणजे पाहुणे परत गेल्यावर 13 वर्षांनी. पाहुणा येऊन गेल्यावर घराला रंग काढण्याची मुंबईची रीत इतकी जुनी आहे. कमानीचा खरा उपयोग 28 फेब्रुवारी 1948 रोजी झाला. ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी त्या दिवशी तिच्याखालून चालत बोटीवर गेली. स्वागतासाठी बांधलेली वास्तू निरोपालाच कामी आली, ही गोष्ट आठवडाभर मुक्कामाला पाहुणे असलेल्या यजमानाला विशेष भावते.

गेटवेलाच घारापुरीच्या लाँच मिळतात. प्रवास तासाभराचा. वरच्या डेकवर बसायचे थोडे वेगळे पैसे पडतात. ते द्यायचे की नाही यावर कुटुंबात चर्चा होते आणि ती संपेपर्यंत वरच्या जागा भरतात. मुंबई दर्शनाचा हा कळस मुंबईत नाहीच. घारापुरी रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते. एलिफंटा हे तिचे दुसरे नाव पोर्तुगीजांनी बेटावरच्या दगडी हत्तीवरून ठेवले. तो हत्तीही आता तिथे नाही. इंग्रजांनी 1864 साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडून फुटला, आणि पुढे तुकडे जोडून राणीच्या बागेत आणून ठेवला. पाहुण्यांच्या लहान मुलाला हे लाँचमध्ये चढण्यापूर्वीच सांगावे आणि तो हत्ती राणीच्या बागेत दाखवण्याचा शब्द द्यावा. धक्क्यावर उतरल्यानंतर सांगितल्यास परतीपर्यंत दुसरा विषय निघत नाही.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पुढे लेण्यांपर्यंत पायऱ्या. दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, दगडी मूर्ती यांची दुकाने असल्यामुळे चढणीला लागणारा वेळ वयावर नव्हे, तर बरोबरच्या मंडळींच्या खरेदीवर ठरतो. माकडांना मक्याचे कणीस आणि शीतपेयाची बाटली या दोन वस्तूंची उत्तम पारख असते. पण मुख्य लेण्यात शिरून अंधाराला डोळे सरावले आणि समोर तीन मुखांची महेशमूर्ती दिसली की सगळ्या कुटुंबाची बडबड थांबते. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे काम आहे. 1987 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. आयुष्यात मुंबईला एकदाच येणे होणार असेल, तर बाकीची सगळी स्थळे सोडावीत आणि हे बघावे. यजमानही इथे मोबाइल खिशात ठेवतो.

संध्याकाळ मलबार हिलची. तिथल्या हँगिंग गार्डनमध्ये लोंबकळणारे काही नसते. पाण्याच्या टाकीवर फुलवलेली ती बाग आहे. समोरच्या बागेतल्या म्हातारीच्या बुटात मात्र खरोखर चढता येते, म्हणून मुलांच्या लेखी हीच मुंबई. खाली गिरगाव चौपाटीवर भेळ खावी. ती चमच्याने नव्हे, चपट्या पुरीने उचलायची असते. पुरी निम्म्यात मोडते आणि उरलेली भेळ कागदाच्या टोकाने तोंडात ओतावी लागते. पाणीपुरी संपल्यावर सुकी पुरी मागणे हा प्रत्येक गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पाहुण्याला तो माहीत नसल्यास त्याची पुरीही यजमान मागून घेतो आणि स्वतः खातो.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, घारापुरीचा हत्ती पाहून मुलाला दिलेला शब्द पाळावा आणि मग पेंग्विनकडे जावे. 2016 साली दक्षिण कोरियातून आलेले हे हम्बोल्ट जातीचे पक्षी काचेआडच्या गारव्यात, स्वतःच्या पोहण्याच्या हौदासह राहतात. मुंबईत एवढी सोय असलेले रहिवासी थोडेच. वांद्र्याला बॅन्डस्टॅन्डवर एका नटाच्या बंद फाटकाचे फोटो काढण्याची प्रथा आहे. तिच्यावर वेळ किती घालवायचा, हे ज्याने त्याने ठरवावे. तिथून 2009 साली सुरू झालेला सागरी सेतू जवळ पडतो. त्यावरून चालता येत नाही, दुचाकी नेता येत नाही, थांबून फोटो काढता येत नाही. 5.6 किलोमीटर पाहता पाहता संपतात. टोल यजमानाने भरायचा असतो.

उरला प्रश्न वाराचा. रविवारी यजमानाला सुट्टी असते, त्यामुळे रेल्वेची दुरुस्तीही बहुधा रविवारीच निघते. मध्य रेल्वेवर तिला मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिम रेल्वेवर जम्बोब्लॉक. म्हणून यजमान सोमवारची रजा टाकतो, तर सोमवारी घारापुरीची लेणी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग हलत नाही. बुधवारी राणीची बाग बंद. गुरुवार त्यातल्या त्यात मोकळा आहे. पाहुण्यांनी तिकिटे त्या बेताने काढावीत.