चारी बाजूंनी ताणणारा माणूस

हा गृहस्थ तुमच्या सोसायटीत आहेच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. पिस्ता रंगाचा पोलो, पांढरा बेल्ट, टोपीवर कसलंसं चिन्ह आणि मागच्या खिशातून मुद्दाम अर्धा बाहेर लोंबणारा हातमोजा. एकच, डाव्या हाताचा. गोल्फमध्ये तसाच असतो, हे तो न विचारता सांगतो. "छान आहे हो शर्ट" एवढं म्हणायची खोटी, की बाहीचं टोक चिमटीत धरून खेचून दाखवतो : "फोर-वे स्ट्रेच. चारी बाजूंनी ताणतो." मुंजीत बटूच्या मामाला, बँकेत कॅशियरला, तेराव्याला पानावर बसलेल्या व्याह्यांना, सगळ्यांना ते कापड ताणून दाखवून झालेलं असतं. तो गोल्फ खेळतो का, हे मात्र विचारायचं नसतं.

त्याला दिखाऊ म्हणून लोक मोकळे होतात. हा अन्याय आहे, कारण ते कपडे मैदानाबाहेर दिसावेत म्हणूनच तर शिवलेले असतात. मुळात पोलोच टेनिसवाल्यांचा. रेने लाकोस्तने 1926 च्या अमेरिकन स्पर्धेत तो आखूड बाह्यांचा शर्ट घातला आणि 1933 पासून मगर लावून विकायला काढला. गोल्फने तो उसना घेतला. आता हूडीचं घ्या. इंग्लंडच्या टायरल हॅटनने 2020 मध्ये वेंटवर्थची मोठी स्पर्धा हूडी घालून जिंकली, तर चर्चा त्याच्या फटक्यांची राहिली बाजूला आणि क्लबात हूडी चालावी की नाही यावरच वाद रंगले. 2024 च्या मास्टर्समध्ये जेसन डे छातीभर अक्षरं असलेला बिनबाह्यांचा स्वेटर घालून उतरला आणि ती स्पर्धा भरवणाऱ्या ऑगस्टा क्लबाच्या मंडळींनी त्याला तो उतरवायला सांगितला. स्वेटर होता मालबनचा, म्हणजे 2017 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या, गोल्फला रस्त्यावरच्या फॅशनशी जोडणाऱ्या कंपनीचा. याच लाटेत विणलेले पोलो आले, कॉलरऐवजी नुसती उभी पट्टी आली, आणि आपल्या वडिलांनी कपाटात टाकून दिलेल्या चुण्यांच्या ढगळ पँटी दामदुपटीने परत आल्या. यातलं काय घातल्याने चेंडू दहा यार्ड पुढे जातो?

तो म्हणेल, आराम नको का? खांदे पुरते वळायला हवेत, घाम सुकायला हवा. म्हणूनच तर (इथे बाही पुन्हा चिमटीत) चारी बाजूंनी ताणणारं कापड. मुद्दा खोटा नाही. पण जुन्या जमान्यातल्या गोल्फपटू बॉबी जोन्सच्या काळी गळ्यात टाय आणि गुडघ्याखाली बांधलेली विजार असायची, कापड कुठल्याच बाजूने ताणत नव्हतं, आणि 1930 साली त्याने एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. शिवाय ज्याचा सगळ्यात लांबचा फटका सोफ्यावरून रिमोटपर्यंत जातो, त्याच्या खांद्यांची कंपनीने इतकी काळजी करायचं कारण काय?

दुसरा युक्तिवाद जास्त वजनाचा : कपडे सैल झाले, म्हणजे खेळही सगळ्यांना मोकळा झाला. तेवढं खरं असतं तर! पीजीए टूरने 2019 मध्ये अर्ध्या चड्डीला परवानगी दिली ती सरावापुरती आणि हौशी मंडळींबरोबर खेळायच्या प्रो-अॅमपुरती. प्रत्यक्ष स्पर्धेत पाय झाकलेलेच. मुंबईत विलिंग्डन क्लबाने अनवाणी आलेल्या एम. एफ. हुसेन यांना आत घेतलं नव्हतं. आणि या खेळात आपल्याकडे ज्यांनी नाव काढलं, त्यांच्या कपड्यांकडे सुरुवातीला कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर दिल्लीत कॅडी होता. ती स्पर्धा 2016 आणि 2017 अशी लागोपाठ जिंकणाऱ्या चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळ राखायचे. नियमांनी गळ्याजवळ थोडी ढील दिली आहे. वर्गणी आणि प्रतीक्षायादी मात्र एकाही बाजूने ताणत नाही.

मग आमच्या गृहस्थाला यातून मिळतं काय? रंग मिळतो. पेन स्टुअर्टच्या भडक निकरबॉकर्स, जॉन डेलीच्या बघणाऱ्याचे डोळे दुखवणाऱ्या पँटी, आईने लाल हा तुझा बळाचा रंग म्हणून सांगितल्यावर जन्मभर रविवारी लाल घालणारा टायगर वुड्स, ज्याने नायकी सोडल्यावर 2024 मध्ये स्वतःच्या ब्रँडलाही 'सन डे रेड' हेच नाव दिलं : बाप्या माणसाला असे रंग चालवून घेणारा दुसरा खेळ सांगा. आमच्याकडे मुलगा नोकरीला लागला की फिकट निळा, पांढरा आणि 'मळखाऊ' एवढेच रंग त्याच्या वाट्याला येतात. चाळिशीनंतर जांभळा घालायचा तर घरातून "शोभतं का वयाला?" हे ठरलेलं. 'गोल्फचा आहे' म्हटलं की ती तक्रार बंद होते. पन्नाशीत लाजत-लाजत पीच रंगाला हात घालणाऱ्या माणसाला हसावंसं वाटत नाही. निदान ती बाही खेचेपर्यंत तरी.

त्यातही त्याचं नशीब बघा. नव्या फॅशनचा कल आता मातकट, शेवाळी आणि राखाडीकडे झुकतो आहे, म्हणजे ज्यातून तो एवढ्या मेहनतीने सुटला त्याच मळखाऊकडे, तिप्पट किमतीत. त्यामुळे बाद झालेले गुलाबी आणि पोपटी पोलो चाळीस टक्के सुटीत निघतात आणि तो ते दोन-दोन घेऊन येतो. बायकोला सांगतो, सराव वाढवायचा आहे.