स्कॅनबहाद्दर

पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर संध्याकाळी हा हमखास दिसतो. वय वीस-एकवीस, पाठीला सॅक, फोनच्या काचेला तडा, बॅटरी नऊ टक्के. पाकीट नावाची वस्तू तो बाळगत नाही. अमृततुल्यच्या काउंटरवरचा क्यूआर कोड चहाच्या ओघळांनी पिवळा पडलेला, वर बोटांचे तेलकट ठसे. तरी याने फोन नुसता पुढे केला की स्पीकरमधली बाई पैसे पोचल्याची दवंडी पिटते. जपानच्या मासाहिरो हारांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांसाठी हा कोड काढला, तेव्हा कारखान्यातली घाण गृहीतच धरली होती. ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी कोड वाचता यावा, अशी सोय त्यात करता येते. आपल्या टपऱ्या त्या ३० टक्क्यांचा पुरेपूर उपयोग करतात.

जाहिरातीतला कोड आला की मात्र हाच पोरगा ठार आंधळा. चौकातल्या फलकावर खाटेएवढा कोड, खाली ‘स्कॅन करा आणि आमच्या परिवारात सामील व्हा!’ याने स्वतःच्याच परिवाराचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करून ठेवलाय, हा नवा परिवार कुठे सांभाळणार? मार्केटिंगवाल्यांना वाटतं, तरुण पोरं कुतूहलाने स्कॅन करतील. कुतूहल असतं, पण एकच: काय मिळणार? कोडमागे ॲप उतरवून घ्यायचा डाव असेल, तर याला लांबूनच वास येतो. माझ्या मते जाहिरातीचा इतका कठोर परीक्षक दुसरा नाही, आणि तोही बिनपगारी.

‘फुकट’ दिसलं की मात्र परीक्षक विरघळतो. मॉलच्या दारात स्कॅन केल्यावर आइस्क्रीम मिळतं म्हणे. स्कॅन झालं, पान उघडलं, मोबाइल नंबर मागितला. स्वतःचा नंबर द्यायला हा काही खुळा नाही. तो साताऱ्याच्या वडिलांचा नंबर ठोकतो. त्यामुळे त्या बिचाऱ्यांना हल्ली फेशियलवरच्या सवलतीचे मेसेज येतात. मग फोन लावतो.

“बाबा, आत्ता एक ओटीपी आला असेल. सांगा ना पटकन.”

“बँकेनं बजावलंय, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.”

“अहो बाबा, मी बोलतोय!”

“ते चोरही असंच म्हणतात.”